पंचहौद मिशनांतील चहाचें ग्रामण्य
इ. स. १८९० त पुण्याच्या पंचहौद मिशनांत झालेला चहा पेल्यांतच जिरला असता. परंतु गोपाळराव जोशी यांनीं हजर असणारांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापविलीं, आणि ग्रामण्य उभें राहिलें. रानडे व टिळक दोघेही त्या यादींत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. पुढें १८९२ त रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें, तेव्हां सुधारकच त्यांजवर रुष्ट झाले. मात्र केवळ वर्तमानपत्रांवरून तत्कालीन लोकमत ठरविणें आम्हांस धाडसाचें वाटतें. लेखणी सुधारकी, पण पंगत जुनी, असे गृहस्थ थोडे नव्हते! पंक्तीस कोणास वगळिलें, श्राद्धास कोणता भिक्षुक आला नाहीं, हें घरगुती टिपणांतच सांपडावयाचें. असलीं दप्तरें रद्दींत जाण्यापूर्वीं संग्राहकांनीं अवश्य तपासावीं.