गोदीचा दरवाजा

गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण. तिथल्या आपल्या कितीतरी घरांची चूल मुंबईच्या गोदीवर पेटली. गोदीत टर्नर लेथवर शाफ्ट कातून देतो, फिटर तो यंत्रात बसवतो. केसभर वाकडा बसला, की बेअरिंग तापलेच.

१८२२ साली अर्देशीर करसेटजी वाडिया चौदाव्या वर्षी गोदीत शिरले, ते घराण्याच्या दारातून. १८४१ मध्ये तेच मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. गोरे कारागीर त्यांच्या हाताखाली आले.

आपल्याकडे मामू-चाचा भाच्या-पुतण्याला सोबत नेत. आता माझगाव डॉक परीक्षा घेऊन शिकाऊ उमेदवार निवडते. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना गणित येते. पण ‘जाविया’ म्हणजेच ‘अँगल’, हे आठवेपर्यंत वेळ संपतो. म्हणून आम्ही फळ्यावर तिन्ही शब्द लिहितो : जाविया, कोन, अँगल.