मनोधैर्य योजना

मनोधैर्य योजना ही बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला या गुन्ह्यांतील पीडितांना अर्थसाहाय्य व पुनर्वसन सेवा पुरविणारी महाराष्ट्र शासनाची योजना आहे. महिला व बाल विकास विभागाची ही योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाली. आरोपीचा अपराध सिद्ध होईपर्यंत न थांबता पीडिताला शासकीय निधीतून मदत देणे, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

पूर्वी पीडिताला मिळणारी भरपाई प्रामुख्याने आरोपीला झालेल्या दंडावर अवलंबून असे. आरोपी निर्धन असला किंवा सापडलाच नाही, तर पीडिताच्या हाती काही पडत नसे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ समाविष्ट झाले आणि भरपाईसाठी निधीची तरतूद करणारी योजना आखणे राज्यांवर बंधनकारक ठरले. आरोपीचा शोध लागला नाही तरी पीडित किंवा त्याचे अवलंबित अर्ज करू शकतात, असेही त्यात नमूद होते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे.

अर्थसाहाय्य

आरंभी बलात्कार व बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणी किमान २ लाख व विशेष प्रकरणी ३ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळे. ॲसिड हल्ल्यात चेहरा विद्रूप झाल्यास ३ लाख, तर अन्य इजेसाठी ५० हजार रुपयांची तरतूद होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये भरपाईविषयीच्या शासनाच्या भूमिकेवर तीव्र नापसंती व्यक्त केली. त्याच वर्षी योजनेत सुधारणा होऊन गंभीर प्रकरणांतील कमाल मर्यादा १० लाख रुपये करण्यात आली.

केंद्र शासनाने २०१३ मध्ये १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी स्थापन केला. त्यातून पुढे राज्यांच्या पीडित भरपाई योजनांना पूरक म्हणून २०० कोटी रुपयांचे एकवेळचे साहाय्य देण्यात आले.

कार्यपद्धती

सुरुवातीस जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा मंडळ मदत मंजूर करीत असे. २०१७ च्या सुधारणेनंतर हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. कलम ३९६ नुसार प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावयाची असते. अर्थसाहाय्यासोबत समुपदेशन, वैद्यकीय मदत, निवारा व कायदेविषयक साहाय्य यांचाही योजनेत समावेश आहे. पीडितेची ओळख गोपनीय ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

या औद्योगिक पट्ट्यासाठी १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्वतंत्र पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले. पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत असलेला चाकणचा भाग त्यात आला. मात्र महसुलीदृष्ट्या चाकण खेड तालुक्यात असून भरपाईचा निर्णय पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असतो. त्यामुळे एकाच प्रकरणात पोलीस ठाणे, रुग्णालय आणि पुण्यातील प्राधिकरण यांचा परस्परांशी संपर्क असणे आवश्यक ठरते.

येथील कारखान्यांत परप्रांतांतून व राज्याच्या अन्य जिल्ह्यांतून आलेले कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने आहेत. भाड्याची खोली, बदलता पत्ता, भाषेची अडचण आणि बुडणारा रोज यांमुळे अशा कुटुंबांना कार्यालयात वारंवार जाणे कठीण होते. पीडित मूळ गावी परतल्यास पुढील संपर्कही तुटण्याची शक्यता असते. म्हणून गुन्हा नोंदविताना भरपाईच्या हक्काची माहिती देणे आणि ते प्रकरण प्राधिकरणाला कळविणे, या दोन गोष्टींना विशेष महत्त्व आहे. प्रथमोपचारासाठी मात्र मंजुरीची प्रतीक्षा करावी लागत नाही. बलात्कार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सर्व शासकीय व खासगी रुग्णालयांनी तत्काळ विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे.

मर्यादा

योजनेची व्याप्ती ठरावीक गुन्ह्यांपुरती आहे. खून, गंभीर मारहाण यांसारख्या अन्य गुन्ह्यांतील पीडितांसाठी महाराष्ट्र पीडित नुकसान भरपाई योजना, २०१४ अस्तित्वात आहे. दोन्ही योजनांचा निधी शासनाच्या तरतुदीतून येत असल्याने, मंजूर झालेली रक्कम प्रत्यक्ष हाती पडणे हे वेळेवर निधी उपलब्ध होण्यावर अवलंबून राहते.

हेही पहा

निर्भया निधी
राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण
सखी वन स्टॉप सेंटर
पिंपरी-चिंचवड