बिनतारी संवेदक जाळे : ऊर्जा आणि वेळ

बॅटरीवर चालणाऱ्या संवेदक-केंद्रांचे, एकमेकांच्या हाती माहिती सोपवणारे जाळे. यात सर्वाधिक वीज रेडिओ खातो. आणि नुसते ऐकत बसणेही पाठवण्याइतकेच महाग पडते. सीसी2420 या रेडिओला ग्रहणासाठी 18.8, तर प्रक्षेपणासाठी कमाल 17.4 मिलिअँपिअर लागतात. म्हणून केंद्रे बहुतेक वेळ झोपवून ठेवतात. ‘एस-मॅक’ (2002) ही पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. पण झोपेची किंमत विलंबाने मोजावी लागते. केंद्रे आपापल्या वेळी दर 10 मिनिटांनी जागी होत असतील, तर प्रत्येक टप्प्यावर सरासरी 5 मिनिटे जातात. सहा टप्प्यांत अर्धा तास. ‘डी-मॅक’मध्ये (2004) केंद्रे माहितीच्या वाटेवर ओळीने जागी होतात, त्यामुळे हा विलंब बराच घटतो.

वीज वाचवावी की वेळ, हा पेच कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 व 2021 मध्ये पाणी 55 फुटांपुढे गेले. अशा ठिकाणी पाणीपातळी मोजणाऱ्या केंद्राला जागे होण्याचे एकच ठराविक अंतराल ठेवणे चुकीचे. नदी पात्रात असताना तासाला एक नोंद पुरते. 39 फुटांजवळ मात्र केंद्राने झोप कमी केली पाहिजे. गंमत अशी, की नेमक्या त्याच दिवसांत आभाळ भरलेले असते आणि सौरपट्टीवर बॅटरी निम्मीही भरत नाही. त्यामुळे बॅटरीचा हिशेब उन्हाळ्याच्या उन्हावर नव्हे, पावसाळ्यातील सलग झडीवरच मांडावा लागतो.