‘ळ’चा प्रवास

मांजरेकाठचे आमचे कळंब आणि यवतमाळ जिल्ह्यातले चिंतामणीचे कळंब ही दोन निराळी गावे. पण नाव एकच. बोलणारा समोर असला म्हणजे घोटाळा होत नाही. निरोप दूर धाडायचा झाला, की मात्र शब्दांच्या खुणा कराव्या लागतात आणि त्या खुणांविषयी दोन्ही टोकांच्या माणसांत करार असावा लागतो. आजच्या अंकीय दळणवळणाचे सारे मर्म या करारात आहे.

हिंदुस्थानात १८५५ साली तार सर्वसामान्यांना खुली झाली. तारेतून अक्षर जात नसे. जात ते विजेचे आखूड आणि लांब ठोके, कट्ट आणि कडकट्ट. हा मोर्सचा करार रोमन अक्षरांशी झालेला. त्यात ‘ल’ आणि ‘ळ’ या दोघांना खूण एकच : आखूड, लांब, आखूड, आखूड. कळंबचे कलंब होई. मराठी घरी इंग्रजी तार येई, ती वाचणारा सापडेपर्यंत घरात रडारड सुरू झालेली असे. नागरीतून तारा सुरू झाल्या त्या १९४९ साली.

पुढे अक्षरांचे काम आकड्यांनी हलके केले. शुभेच्छांच्या तारांचे मजकूर ठरलेले असत. दिवाळीचा क्रमांक १. धाडणाऱ्याने क्रमांक सांगावा, पलीकडच्या तारमास्तराने पुरे वाक्य लिहून द्यावे. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताने हीच युक्ती गावांना लावली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. आमचे कळंब ४१३ने सुरू होते, यवतमाळकडचे ४४५ने. टपालातला घोटाळा मिटला.

उरला होता ‘ळ’. १९९१ साली युनिकोडने नागरीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिला : क २३२५, ळ २३५५, अनुस्वार २३०६, ब २३४८. संगणक हे आकडे शून्य आणि एक यांत मांडतो. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत नागरीच्या एका चिन्हाला असे २४ अंक लागतात. म्हणजे ‘कळंब’ला ९६. रोमन सहा अक्षरांना ४८ पुरतात. भाडे दुप्पट पडते खरे, पण ‘ळ’ वाटेत गळत नाही.

१४ जुलै २०१३च्या रात्री तारसेवा संपली. कडकट्ट थांबले, करार मात्र चालूच आहे. यंत्राला भाषा कळत नाही. ज्याचे अक्षर करारात बसले, त्याचेच नाव धड पोचते. म्हणून ‘ळ’ला मिळालेले ते चार आकडे मला एखाद्या सनदेइतके मोलाचे वाटतात.