सरहद्द ओलांडून गेलेली माणसे



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या खोल्यांतून शिकलो. तेव्हा हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावर मी बोलावे असे चालकांनी कळविले, त्या वेळी प्रथम संकोच वाटला. मग विचार केला की, या संग्रामातील पुढाऱ्यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आपण त्या माणसांविषयी बोलावे, ज्यांनी गाव सोडले ते गाव बदलून परत येण्यासाठी.

गाव सोडणे आपल्याला नवीन नाही. लातूर-नांदेडकडचा माणूस पुण्या-मुंबईला जातो, ऊस तोडायला जातो, हैदराबादला बांधकामावर जातो. तो पोटासाठी जातो. परंतु १९४७-४८ साली हजारो माणसे सरहद्द ओलांडून गेली, त्यांपैकी अनेकांच्या घरी दोन वेळचे अन्न होते, शेत होते, वकिली होती. ती गेली, कारण आपल्याच देशाबद्दल आपल्या देशात बोलता येत नव्हते.

हा देश कसा होता ते आजच्या तरुणांना सांगितले पाहिजे. हैदराबाद संस्थान म्हणजे ८२ हजार चौरस मैलांहून अधिक मुलूख आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाखांवर वस्ती. जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे, सुमारे पाव हिस्सा मराठी, त्याखालोखाल कानडी व उर्दू. राज्यकारभार उर्दूतून, आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. सर्फेखास, म्हणजे निजामाची खासगी दौलत, हीच राज्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी. जहागिरी धरल्या तर दोन-पंचमांश मुलूख सरकारी खालशाच्या बाहेर. नाणे वेगळे. आपला हाली शिक्का सात रुपये द्यावा, तेव्हा पलीकडचे कलदार सहा रुपये हाती यावेत. नाक्यावर करोडगिरीचा शिपाई गाठोडे उसकटून बघे.

आणि मराठी माणसाची वाटणी पहा. नांदेड जिल्ह्यातील हदगाव आणि वऱ्हाडातील उमरखेड यांच्यामध्ये एक पैनगंगा. अलीकडे-पलीकडे तीच भाषा, त्याच सोयरिकी, तोच पंढरीचा रस्ता. पण १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि नदीच्या दोन काठांवर दोन कायदे झाले. तिकडे सभा भरे, वर्तमानपत्र निघे. इकडे सभेला परवानगी काढावी लागे आणि ती मिळत नसे. म्हणून हैदराबादच्या प्रजेची राजकीय परिषद भरली कुठे? १९२३ साली काकिनाड्यास, १९२६ साली मुंबईस, १९२८ साली पुण्यास, १९३१ साली अकोल्यास. एकही संस्थानात नाही. घरातील भांडणाचा निवाडा करण्यासाठी घरच्या माणसांना शेजारच्या ओट्यावर बसावे लागावे, तशी ही स्थिती होती.

१९३८ साली उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. सरहद्द ओलांडून गेलेल्या तरुणांची ही पहिली मोठी तुकडी म्हणावयास हरकत नाही.

याच्या उलट वाटेने आलेले एक गृहस्थ होते, ते स्वामी रामानंद तीर्थ. आम्हा कामगार चळवळीतील लोकांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी, कारण संन्यास घेण्यापूर्वी त्यांनी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांत काम केले होते. जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, शिक्षण सोलापूर-पुण्यास. १९२९ साली ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, पुढे अंबाजोगाईस गेले. बाहेरून आलेला हा शिक्षक मराठवाड्याचा झाला.

आणि याच लातुरात आणखी एक गृहस्थ वकिली करीत होते, ते म्हणजे कासिम रझवी. १९४६ साली ते इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष झाले आणि रझाकारांची फौज त्यांनी उभी केली. एकाच मुलखातील या दोन पुढाऱ्यांपैकी एकाने म्हटले, हे राज्य सर्व प्रजेचे व्हावे. दुसऱ्याने म्हटले, हे राज्य एका जमातीच्या सत्तेचे राहावे. भांडण या दोन म्हणण्यांतले होते, हिंदू आणि मुसलमान यांच्यातले नव्हते. 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. मारणारे रझाकार आणि मरणारा मुसलमान. हे नाव प्रत्येक सतरा सप्टेंबरला घेतले पाहिजे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरात जैसे थे करार झाला, तरी जुलूम थांबला नाही. मग लोक निघाले. मनमाड, सोलापूर, बार्शी, उमरखेड, चांदा, तिकडे कानडी भागात गदग, तेलुगू भागात विजयवाडा, अशी सरहद्दीभोवती छावण्यांची माळ उभी राहिली. भोकरकडील दिगंबरराव बिंदू कृती समितीचे अध्यक्ष होते. गोविंदभाई श्रॉफही या कामात होते.

अशा एका छावणीची हकिकत मी प्रत्यक्ष तिथे गेलेल्या माणसाकडून ऐकली. मी पंचविशीत असताना नांदेडच्या युनियन कचेरीत एक वृद्ध विणकर संध्याकाळी येऊन बसत. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचून दाखवावे आणि मध्ये कुणी बोलू नये, एवढीच त्यांची अट. एकदा एवढेच विचारले, "नाना, उमरखेडला कशापायी गेला होता तुम्ही?" त्यांनी सांगितले ते असे.

वय एकोणीस. रात्री पैनगंगेतून पाणी छातीला लागत असताना गेले. डोक्यावर गाठोडे, त्यात एक घोंगडी आणि आईने दिलेल्या भाकरी. छावणीत संध्याकाळी सगळे बसत आणि परत गेल्यावर काय काय करायचे याची यादी करीत. कुणी म्हणे, वेठ बंद. साहेबाचे सामान उचलायला महारवाड्यातून माणसे धरून नेणार नाहीत. कुणी म्हणे, लेव्हीचे धान्य न्यायला शिपाई घरात शिरणार नाही. कुणी म्हणे, कुळाला जमीन. कुणी म्हणे, मराठी शाळा. "आणि तुम्ही काय म्हणत होता, नाना?" तर म्हणाले, "मी म्हणायचो, आमच्या गल्लीत एक पिंजारी चाचा हाये, त्याच्याकडून आईला नवी गादी पिंजून घ्यायची. जुनीतला कापूस पार गठुळा झाला होता."

मित्रहो, मला यात परागंदा माणसाच्या आशेचे खरे रूप दिसते. बाहेर गेलेल्या माणसाच्या मनात गाव जसेच्या तसे उभे असते. त्यातील राजा तेवढा काढायचा. पिंजारी, कोष्टी, महार, वाणी सगळे आपापल्या जागी राहतील, नव्हे अधिक सुखाने राहतील, असे त्याला वाटते. छावणीत बसलेल्याला गाव तुटत चालले आहे हे दिसत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. रझाकारांच्या जुलमातून लोक सुटले, हे खरे, आणि त्या आनंदात मी कुणाच्याही मागे नाही. ज्यांची घरे जळाली, ज्यांची माणसे मारली गेली, त्यांच्या घरातील दिवा त्या दिवशी पहिल्यांदा निर्धास्तपणे लागला. नांदेड जिल्ह्यातील गोविंदराव पानसरे १९४६ सालीच बळी गेले होते. त्यांच्यासारख्यांचे ऋण आपण विसरता कामा नये.

परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते बोलल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही, आणि लातुरात उभा राहून ते न बोलणे तर मला लबाडीचे वाटेल. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा की, पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर निदान २७ हजार ते ४० हजार मुसलमान मारले गेले. सर्वांत अधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. या शहराविषयी त्यांनी लिहिले आहे की, इथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होती. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले होते आणि बाकीचे पळून गेले होते. सरहद्दीपलीकडून आलेल्या हत्यारबंद टोळ्यांचाही यात हात होता, असे अहवाल म्हणतो. सरकारने तो त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. सामान्य वाचकांच्या हाती तो आला २०१३ च्या सुमारास, पासष्ट वर्षांनी.

रझवींचा गुन्हा त्यांच्या गावच्या अत्तारावर, पिंजाऱ्यावर, हमालावर वसूल केला गेला. स्वतः रझवी शिक्षा भोगून १९५७ साली सुटले आणि पाकिस्तानात निघून गेले. गरिबांना जाण्यासाठी पाकिस्तान नव्हता. त्यांना शेजारचे गाव होते किंवा नदी होती.

त्याच अहवालातील आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अनेक हिंदूंनी शेजारच्या मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचविले, असे सांगून ते लिहितात की, एका धंद्यात ही बंधुभावना विशेष दिसली. ठिकठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि काहींनी त्यापायी प्राणही दिले. हे विणकर कुठल्या छावणीत गेले नव्हते. त्यांनी भाषण ऐकले असेल-नसेल. मागाशेजारी माग होता, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. ज्याच्याबरोबर सूत भिजवले, ज्याच्याकडून अडीनडीला रुपया उसना घेतला, त्याला जमावाच्या हवाली कसे करायचे, असा त्यांचा साधा हिशेब असला पाहिजे.

आशा फुकट गेली असे मात्र मी म्हणणार नाही. १९४९ साली जहागिरी नाहीशा झाल्या. १९५० साली कूळकायदा आला. त्याची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. स्वामीजींचा आग्रह होता की तीन भाषांचे हे संस्थान मोडून प्रत्येक भाग आपापल्या भाषेच्या राज्यात जावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसे झाले आणि १ मे १९६० रोजी मराठवाडा महाराष्ट्रात आला. पण रेघ ओढली की काही माणसे पलीकडे राहतातच. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले, भालकी तिकडे राहिली. नांदेडचा मुधोळ तालुका आदिलाबादेत गेला, आदिलाबादचे किनवट नांदेडात आले. एक सरहद्द पुसली आणि दुसरी उमटली.

आता नानांची हकिकत पुरी करतो. सप्टेंबर संपता संपता ते गावी परतले. गावात झेंडा लागला होता, पाटलाच्या ओट्यावर पेढे वाटले जात होते. पिंजाऱ्याच्या घराला कडी होती आणि आत कुणी नव्हते. त्यांनी विचारले, कुठे गेला? उत्तर कुणीच दिले नाही. एकाने म्हटले, "गेला कुठं तरी." नाना मला म्हणाले, "पोरा, मी नदी ओलांडून गेलो तवा सगळं गाव मला पोचवायला मनानं आलतं. तो गेला तवा कुणी इचारलं बी नाही." पुढे ते नांदेडला गिरणीत लागले. गावी फार गेले नाहीत. आईची गादी शेवटपर्यंत जुनीच राहिली.

हे सांगताना त्यांनी मुक्तिसंग्रामाला कधी बोल लावला नाही. छावणीत गेल्याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. त्यांचे म्हणणे एवढेच की, परतल्यावर करायच्या कामांची यादी आम्ही केली, त्यात एक काम लिहायचे राहून गेले. राज्य बदलल्यावर शेजाऱ्याला कोण सांभाळणार, हे आम्ही कुणीच लिहिले नाही.

श्रोतेहो, मी युनियनचा माणूस आहे. आजही या जिल्ह्यांतून बाहेर गेलेली मुले मला भेटतात, फोन करतात. गावात हे बदलले पाहिजे, ते बदलले पाहिजे, असे तळमळीने बोलतात. त्यांची तळमळ खरी आहे, कारण दुरून गावाचे दोष स्पष्ट दिसतात. मी त्यांना एकच सांगतो. गावी आलात की पहिल्या दिवशी गल्लीतून चालत जा आणि कोणत्या घराला कडी आहे ते बघा. ते घर कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे विचारू नका. तो माणूस कुठे गेला, का गेला, आणि परत येण्यासाठी काय करावे लागेल, ते विचारा.

राजा घालविण्याचे काम नदी ओलांडून गेलेल्यांनी केले. त्यांना आपण दर सतरा सप्टेंबरला मानवंदना देतो आणि दिलीच पाहिजे. त्याच दिवशी मागाशेजारचा माग सांभाळणाऱ्या त्या बिननावाच्या विणकरांनाही एक हार घालावा, अशी माझी लातूरकरांना आणि माझ्या नांदेडकरांना हात जोडून विनंती आहे.