स्वयंपाकघरातील पहिले अंथरूण

ज्युबिलीच्या आनंदप्रसंगी देवालय कोणी बांधले, शाळा कधी निघाली, याचा वृत्तांत आपण कौतुकाने सांगतो. आणि ते योग्यच होय. परंतु ख्रिस्तसभेतील कित्येक थोर कार्यांचा पायाभरणीसमारंभ कधी झालाच नाही. अशाच एका कार्याचा आरंभ इटलीतील तुरीन शहरी, एका स्वयंपाकघरात, थोड्याशा विटाफळ्यांवर कसा झाला, ते आम्ही प्रिय वाचकांपुढे ठेवीत आहो.

१८४१ च्या जून महिन्यात डॉन बॉस्को यांस गुरुदीक्षा मिळाली. दोन वर्षांचे होण्यापूर्वीच पितृछत्र हरपल्यामुळे पोरकेपणाची झळ त्यांस ठाऊक होती. त्या काळी तुरीन शहर वाढत होते. खेड्यापाड्यांतील मुले गवंड्यांच्या हाताखाली राबावयास येत, काम सुटले की रस्त्यावर पडत, आणि त्यांतील कित्येकांची अखेर तुरुंगात होई. तेथील मुलांस भेटून डॉन बॉस्को यांची खात्री झाली की, बाहेर पडल्यावर यांस एखादा मित्र लाभता, तर ही पुन्हा येथे येती ना. म्हणून ते रविवारी मुले जमवून त्यांस धर्मशिक्षण देऊ लागले. १८४६ च्या ईस्टरला वाल्दोको भागात त्यांस एक ठेंगणी पडवी भाड्याने मिळाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांची वृद्ध माता मार्गारिता गावचे घर सोडून पुत्राच्या मदतीस आली.

परंतु संध्याकाळ झाली की बेघर मुलांनी जावे कोठे? डॉन बॉस्को यांनी काहींस गवताच्या माळ्यावर निजावयास जागा दिली. तेव्हा कोणी चादरी नेल्या, कोणी कांबळी नेली, शेवटी गवतदेखील विकले गेले! येथे दुसरा कोणी असता तर त्याने दार कायमचे लावून घेतले असते, आणि जगाने त्यास शहाणाच म्हटले असते.

१८४७ च्या मे महिन्यात, पावसाच्या एका रात्री, पंधरा वर्षांचा एक मुलगा ओलाचिंब होऊन दाराशी आला. तो वाल्सेझिया खोऱ्यातील अनाथ होता. कामाच्या शोधात आला. जवळची तीन नाणी संपली. आपले म्हणावे असे कोणी उरले नाही. मातेने त्यास चुलीजवळ बसवून ऊन सूप व भाकर दिली. मागील अनुभवामुळे डॉन बॉस्को यांच्या मनात शंका आली, व ती त्यांनी बोलूनही दाखविली. तरी माउलीने त्या मुलाच्याच मदतीने विटा आणून चार खांब रचले, वर फळ्या टाकल्या व त्यांवर एक मोठे पोते अंथरले. कष्ट, सचोटी व धर्म यांविषयी चार शब्द सांगून तिने त्याच्यासह प्रार्थना म्हटली. नंतर स्वयंपाकघरास कुलूप घातले. वाचकहो, कुलूप घातले खरे; पण मुलास आत ठेवून घातले! दया म्हणजे भोळेपणा नव्हे, आणि सावधगिरी म्हणजे निष्ठुरताही नव्हे, हे त्या अशिक्षित मातेने किती सहज दाखविले!

पुढे लवकरच दुसरा मुलगा आला. तो बारा वर्षांचा. आदल्याच दिवशी आई वारली. भाड्यापोटी घरमालकाने सामान ठेवून घेतले, आणि तो झाडाला टेकून रडत होता. त्या वर्षी जागेअभावी दोघांसच आश्रय देता आला.

नुसत्या अंथरुणाने मात्र भागत नाही. मुले कामास लागत, तेव्हा डॉन बॉस्को मालकाशी लेखी करार करीत. १८५२ सालच्या अशा एका करारात सुतार मालकास बंधन आहे की, मुलास धंदा नीट शिकवावा, चूक शब्दाने सुधारावी, मारहाण करू नये, सणाचे दिवस मोकळे द्यावेत. १८५३ पासून जोडे व कपडे शिवण्याचे, पुढे पुस्तकबांधणीचे, सुतारकामाचे व छपाईचे वर्ग घरातच निघाले. १८५९ साली सालेशियन संघ स्थापन झाला. त्याचे धर्मगुरू १९०६ साली तंजावरास व १९२८ साली मुंबईस आले. माटुंग्याची त्यांची शाळा आपणांस परिचित आहेच. १ एप्रिल १९३४ रोजी ख्रिस्तसभेने डॉन बॉस्को यांस संतपद दिले.

त्या पहिल्या मुलाचे नाव मात्र इतिहासास ठाऊक नाही. आम्हांस वाटते, ते बरेच झाले. आपल्या दाराशी भिजत उभ्या असलेल्या कोणत्याही मुलास आता ते नाव देता येईल.