भूमिकांचा समतोल : विष्णुदासी नाटक, तमाशाचा फड आणि संहितेची कसोटी

१

विष्णुदास भावे यांच्या नाट्याख्यानांतील पदांचा संग्रह १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी झालेल्या 'सीतास्वयंवरा'च्या प्रयोगाला चार दशके उलटून गेली होती. या संग्रहात पदे आहेत. पात्रांची गद्य भाषणे नाहीत. ती गहाळ झालेली नाहीत, मुळात लिहिलीच गेली नव्हती. सूत्रधाराने पद म्हणावे आणि त्यातील प्रसंगाला धरून नटाने आपल्या बुद्धीने व पात्राच्या मगदुराप्रमाणे बोलावे, अशी ती रीत होती.

लिखित गद्याचा हा अभाव मराठी नाट्यसमीक्षेने बहुधा उणीव म्हणूनच नोंदविला. भावे यांना 'आद्य' हे विशेषण द्यायचे आणि त्यांच्या नाटकाची चर्चा मात्र राक्षसांचा आरडाओरडा, राळेचे भपके व तलवारींचा खणखणाट यांच्या थट्टेवर संपवायची, असा एक प्रघात पडून गेला. त्यामागे एक गृहीतक आहे: नाटकाची रचना म्हणजे त्याची संहिता, जेथे संहिता नाही तेथे रचनाही नाही. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. विष्णुदासी नाटकाला रचना होती. परंतु ती वाक्यांची नसून भूमिकांच्या वाटणीची होती. कोणी गावे, कोणी बोलावे, कोणी भिववावे, कोणी हसवावे आणि यांपैकी कोणाला काय करता येऊ नये, या मर्यादांच्या मेळातून तो प्रयोग उभा राहत असे.

२

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून तेथील अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तसेच, पण अधिक सुधारलेले खेळ मराठीत करण्याचे काम भावे यांच्यावर सोपविले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. या खेळांचा क्रम ठरलेला असे. आरंभी सूत्रधार आणि त्याचे साथीदार मंगलाचरण करीत. मग वनचराच्या वेषातील विदूषक येई व सूत्रधाराशी त्याचा विनोदी संवाद होई. स्तवन ऐकून गणपती प्रकट होई, मयूरावर आरूढ झालेली सरस्वती येई आणि त्यानंतर मुख्य आख्यानाला प्रारंभ होई.

या क्रमातील प्रत्येक भूमिकेला एक सामर्थ्य होते आणि त्याला जोडूनच एक उणेपणही होते. सूत्रधाराला सगळी कथा ठाऊक. गाण्याचा अधिकार त्याचा आणि त्याच्या साथीदारांचा. पण कथेच्या आत त्याला स्थान नाही. तो धनुष्य उचलू शकत नाही. देवांना आणि राजांना प्रतिष्ठा आहे, शेवटी जय त्यांचाच आहे. पण त्यांना मोकळेपणाने हसता येत नाही. राक्षसाला देहाचा आणि आवाजाचा सर्व विस्तार मोकळा आहे, मात्र त्याचा पराभव अगोदरच ठरलेला आहे. स्त्रीपात्रांकडे शृंगार व करुण येतात. पराक्रम येत नाही. विदूषक देवाला, सूत्रधाराला आणि प्रेक्षकालाही टोकू शकतो; पण त्याच्या बोलण्याने कथानक तसूभरही हलत नाही.

हा समतोल समानतेचा नव्हे. तो परस्परांच्या उणिवांचा समतोल आहे. एकाला जे करता येत नाही त्यासाठीच दुसऱ्याची गरज भासते. लिखित भाषणे नसलेल्या प्रयोगात तर ही योजना अपरिहार्यच होती. हजरजबाबी नट सगळा प्रसंग गिळंकृत करील, हा अशा नाट्यप्रकाराला सतत असणारा धोका. त्याला आवर घालायला लेखकाचे वाक्य नाही. आवर घालतो तो भूमिकेचा संकेत. सीता कोणाला वरणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, रावणाची फजिती होणार हेही ठाऊक असते. म्हणून कुतूहल राहते ते इतकेच, की आजचा रावण आपल्या वाट्याला आलेल्या जागेत काय करून दाखवतो.

३

अशी संहिताविरहित, भूमिकांच्या वाटणीवर उभी असलेली रचना ही केवळ एका आरंभकाळाची अवस्था नव्हे, हे ध्यानात येण्यासाठी एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. काही मंडळी मेजाभोवती बसतात. एक जण अद्भुत जगाचे वर्णन करतो, त्यातील संकटे मांडतो आणि निवाडा देतो. इतर जण एकेक पात्र घेऊन त्याच्या वतीने बोलतात व निर्णय घेतात. संवाद लिहिलेले नसतात. आरंभीच्या नियमांत पात्रांचे तीन वर्ग होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपासक. १९७५ च्या पुरवणीत चौथा आला तो चोर. योद्धा घाव सोसतो, पण मंत्र जाणत नाही. मांत्रिकाची विद्या मोठी, पण आरंभी त्याचा जीव अगदी नाजूक. धर्मोपासक जखमा बऱ्या करतो. चोर कुलपे उघडतो आणि सापळे ओळखतो. चौघांपैकी एकटा कोणीही भुयाराच्या तळापर्यंत सहसा पोहोचत नाही.

साम्य दिसते तेथेच भेदही दिसतो. मेजावरच्या खेळात शेवट अनिश्चित असतो, फाशांचे दान निर्णायक ठरू शकते आणि खेळणाऱ्यांखेरीज वेगळा प्रेक्षक नसतो. सांगलीच्या नाटकात शेवट पुराणाने बांधलेला आणि प्रेक्षक समोर बसलेला. तरीही दोन्हीकडे कथा सांभाळणारा एक जण कथेबाहेर राहतो, आणि उरलेल्यांची परस्परपूरक अपूर्णता हीच रचना ठरते.

या खेळाच्या पुढील इतिहासातून आणखी एक बोध होतो. २००८ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीने प्रत्येक वर्गाची कामगिरी नियमातच नमूद केली: कोणी शत्रूला अडवायचे, कोणी प्रहार करायचा, कोणी साथीदारांना सावरायचे, कोणी रणभूमी ताब्यात ठेवायची. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही औपचारिक नावे राहिली नाहीत. भूमिका आणि कार्य या दोहोंत जो फरक आहे तो येथे स्पष्ट होतो. कार्य मोजता येते. भूमिका निभवावी लागते. भूमिकेतून कार्य तेवढे वेगळे काढले, की समतोल टिकतो पण पात्र विरते. विष्णुदासी परंपरेच्या उतरणीची मीमांसाही याच अंगाने करता येईल. राक्षसाचे 'अलल्डुर्र' हे ज्या वेळी देवाच्या शांतपणाला छेद देणारे होते, त्या वेळी ते रचनेचा भाग होते. गर्जना हेच ज्या वेळी राक्षसाचे एकमेव कार्य होऊन बसले, त्या वेळी ते थट्टेचा विषय झाले. दोष संहितेच्या अभावाचा नव्हता. भूमिका आटून तिचे कार्य तेवढे उरण्याचा होता.

४

१८६१ मध्ये वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक अवतरले आणि 'बुकिश' नाटकाची वाट रुळू लागली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला. या दुसऱ्या घटनेचे वर्णन 'संगीत नाटकाचा उदय' असे केले जाते. परंतु संगीत विष्णुदासी नाटकातही होतेच. बदलली ती वाटणी. सूत्रधाराचे गाणे पात्रांच्या मुखी गेले आणि सूत्रधार प्रस्तावनेपुरता उरला. एका भूमिकेचा मक्ता मोडताच सर्वच भूमिकांची मांडणी नव्याने करणे भाग पडले, आणि ती करणारा आता मंडळीचा संकेत नव्हता, नाटककार होता.

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदे'त (१८९९) या बदलाची परिणती दिसते. तेथे राक्षस येत नाही. जरठ भुजंगनाथाची हाव, कांचनभटाचा लोभ आणि भद्रेश्वर दीक्षिताची मध्यस्थी यांत राक्षसाचा अंश वाटला गेला आहे. भद्रेश्वरात तर विदूषकही मिसळला आहे. एकेका भूमिकेला एकेक रस, ही जुनी शिस्त येथे एकाच माणसाच्या स्वभावात विरघळते. हे मोठे यश आहे यात शंका नाही. मात्र ते यश जुन्या वाटणीच्या खांद्यावर उभे आहे, ही नोंदही राहावयास हवी.

५

तथापि वाटणीवर उभे असलेले नाट्य याच मुलखात अन्यत्र जिवंत राहिले. तासगाव तालुक्यातील सावळजचे उमा बाबाजी यांचा 'मोहना-बटाव' (१८६५) हा तमाशातील पहिला वग मानला जातो. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग या क्रमात सरदार, सोंगाड्या, नाच्या, सुरत्ये, ढोलकीवाला व हलगीवाला यांच्या जागा ठरलेल्या. संवाद मात्र बव्हंशी उत्स्फूर्त. येथे एक महत्त्वाचा फेरफार दिसतो. विष्णुदासी विदूषक आख्यान सुरू होण्यापूर्वी आपले काम करतो. सोंगाड्या वगाच्या पोटात शिरतो, राजाच्या शेजारी उभा राहतो आणि राजाचे प्रत्येक वाक्य उलटे करून दाखवतो. कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी 'काळू-बाळू' या नावाने ही जागा दोघांत वाटून घेतली, आणि सोंगाड्याला प्रतिपक्ष म्हणून दुसरा सोंगाड्याच मिळाला.

हा फेरफार केवळ रंगमंचीय नाही. भावे यांचे नाटक दरबारच्या आश्रयाने वाढले. फड प्रामुख्याने मांग, महार आणि कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी उभा केला. ज्यांच्या गावगाड्यातील भूमिका जन्माने ठरलेल्या होत्या, त्यांनी रात्रीपुरती ती वाटणी आपल्या हाती घेतली. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण कुळातील कवी पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) होऊन फडात उतरले आणि पवळेच्या साथीने गाजले. फडाचा समतोल आणि गावाचा समतोल या दोहोंना एकाच वेळी सांभाळणे शक्य नव्हते. बापूरावांनी पहिला निवडला आणि दुसऱ्यातील आपली जागा गमावली.

त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांनी याच्याही पुढे जाऊन वाटणीच्या मुळालाच हात घातला. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या साठे यांनी लोकनाट्यातील गणात गणपतीच्या जागी श्रमिकांना वंदन आणले आणि गौळण वगळली. पहिल्या वंदनाचा मान कोणाला, हे बदलले की त्यामागून येणाऱ्या प्रत्येक भूमिकेचा अर्थ बदलतो. पुढचा शेटजी, पुढचा पुढारी, पुढचा सोंगाड्या हे सगळे त्या वंदनाच्या उजेडात दिसू लागतात.

वाटेगाव, रेठरे आणि सावळज ही गावे त्या काळात सातारा जिल्ह्यात मोडणारी किंवा त्याच्या परिसरातली; १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामांतर झाले. एवढ्या लहान टापूत दरबारी आख्यान, फड आणि कलापथक अशा तीन रचना सव्वाशे वर्षांच्या आत घडल्या, आणि तिघींचाही मोठा भाग कागदावर आला नाही. त्यांचा इतिहास केवळ उपलब्ध छापील मजकुरावरून लिहिला, तर भावे यांच्या वाट्याला मध्यम प्रतीची पदे येतील, फडाच्या वाट्याला लावण्या येतील आणि कलापथकाच्या वाट्याला घोषणा येतील. १८८५ च्या संग्रहात दोन पदांच्या मधे जी गद्याची जागा मोकळी आहे, ती वाचावयाची तर तेथे कोण उभा होता, त्याला काय बोलण्याची मुभा होती आणि काय बोलण्याची नव्हती, हे आधी विचारावे लागेल.